गिटारवादकाच्या हाताच्या व अग्रबाहूच्या स्नायूंचे बलसंवर्धन : शरीररचना, सराव आणि मर्यादा

सारांश

गिटारवादनासाठी ‘बोटांत ताकद हवी’ असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ती मिळविण्यासाठी मूठ आवळण्याच्या स्प्रिंगसारख्या साधनांचा वापर केला जातो. प्रस्तुत लेखात हाताची व अग्रबाहूची शरीररचना, तार दाबण्यामागील यांत्रिकी आणि स्नायूंच्या बलवाढीची प्रक्रिया यांच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे. वादकास आवश्यक असते ते कमाल बळ नव्हे, तर अल्प बळाचा नेमका, स्वतंत्र व दीर्घकाळ टिकणारा वापर, असे प्रतिपादन करून त्यास अनुरूप अशा व्यायामांची मांडणी केली आहे. अतिश्रमातून उद्भवणाऱ्या विकारांची लक्षणे आणि शिक्षकाची जबाबदारी यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : गिटार, अग्रबाहू, आकुंचक व प्रसारक स्नायू, कंडरा, बलसंवर्धन, अतिश्रमजन्य विकार.

प्रस्तावना

मुंबईतील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात आणि गोव्याच्या सांगीतिक जीवनात गिटारने फार पूर्वीच आपले स्थान निर्माण केले. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत व युवक महोत्सवांत हे वाद्य सर्रास दिसते. ते शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या काही महिन्यांतच दोन अनुभव येतात. तारांच्या घर्षणाने बोटांची टोके दुखू लागतात आणि तर्जनी आडवी ठेवून सर्व तारा एकाच वेळी दाबण्याचा ‘बारे कॉर्ड’ लावताना हात भरून येतो. पहिली तक्रार त्वचेची आहे. बोटांच्या टोकांना घट्टे पडले की ती आपोआप मिटते. दुसरी तक्रार स्नायूंची आहे आणि तिच्यावरील उपायाबाबतच गैरसमज अधिक आहेत.

‘हात कमजोर आहे, म्हणून ताकद वाढवावी’ हा निष्कर्ष वरकरणी तर्कशुद्ध भासतो. या निष्कर्षापोटी विद्यार्थी व्यायामाची साधने आणतात, दुखत असतानाही सराव रेटतात आणि वेदनेलाच प्रगतीची खूण समजतात. त्यांपैकी काहींना मनगटाचे किंवा कोपराचे दुखणे जडते व वादन सुटते. हा प्रश्न केवळ संगीतशिक्षकाचा नसून सांस्कृतिक विभाग सांभाळणारे प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षणाचे संचालक यांच्याशीही निगडित आहे. म्हणूनच त्याचे शास्त्रीय विवेचन आवश्यक ठरते.

बोटांना हलविणारे स्नायू

मानवी हातात मनगटासह २७ हाडे असतात. बोटे इतकी चपळ असूनही बोटांच्या पेरांमध्ये त्यांना वाकविणारे स्नायू नसतात, ही गोष्ट अनेकांना आश्चर्यकारक वाटते. बोटे वाकविणारे व सरळ करणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, म्हणजे अग्रबाहूत असतात. त्यांचे बळ कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांमार्फत बोटांपर्यंत पोहोचते. एका हाताने दुसऱ्या हाताचा अग्रबाहू हलकेच धरून बोटे हलविल्यास कातडीखाली होणारी स्नायूंची हालचाल सहज जाणवते. कळसूत्री बाहुलीचे सूत्र जसे वर धरलेले असते, तशीच ही रचना आहे.

या स्नायूंचे कार्यानुसार तीन गट पाडता येतात.

पहिला गट आकुंचक स्नायूंचा. हे अग्रबाहूच्या तळव्याकडील बाजूस असतात. त्यांतील वरचा आकुंचक बोटाचा मधला सांधा वाकवितो, तर खोल आकुंचक टोकाचा सांधा वाकवितो. तार दाबताना या दोघांचे काम सर्वाधिक असते. मनगट वाकविणारे स्नायू व वरचा आकुंचक यांची सुरुवात प्रामुख्याने कोपराच्या आतील बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापाशी होते. त्यामुळे बोटांच्या अतिश्रमाचे दुखणे कित्येकदा बोटांत न जाणवता कोपराशी जाणवते.

दुसरा गट प्रसारक स्नायूंचा. हे अग्रबाहूच्या पाठीकडील बाजूस असून त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात कोपराच्या बाहेरील उंचवट्यापाशी होते. बोट तारेवरून उचलणे आणि मनगट स्थिर ठेवणे हे त्यांचे कार्य. तार दाबलेली असतानाही मनगट सावरून धरण्यासाठी ते कार्यरत असतात. वादक त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष करतो.

तिसरा गट प्रत्यक्ष तळहातातील लहान स्नायूंचा. यात हाडांच्या दरम्यान असणारे सात आंतरास्थी स्नायू, चार कृमिरूप स्नायू आणि अंगठ्याच्या व करंगळीच्या बुडाशी असलेले मांसल गट येतात. बोटे एकमेकांपासून फाकविणे, पुन्हा जवळ आणणे आणि तळहाताजवळच्या सांध्यातून वाकविणे ही कामे हे स्नायू करतात. दूरच्या फ्रेटपर्यंत करंगळी पोहोचविताना अथवा उजव्या हाताच्या बोटांनी तार छेडताना त्यांचा कस लागतो.

अनामिकेचा परावलंबी स्वभाव

नवशिक्या वादकास अनामिका व करंगळी ‘दुबळी’ वाटतात. यात शरीररचनेचा वाटा मोठा आहे. खोल आकुंचक स्नायूचा तर्जनीकडे जाणारा भाग बऱ्याच अंशी स्वतंत्र असतो, परंतु मध्यमा, अनामिका व करंगळी यांच्याकडे जाणारे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. हाताच्या पाठीवर प्रसारक कंडरांना परस्परांशी जोडणारे आडवे पट्टेही असतात. तळहात मेजावर ठेवून मध्यमा आत दुमडली व मग अनामिका उचलण्याचा प्रयत्न केला, तर ती जवळजवळ हलत नाही. यात अशक्तपणा नाही, जोडणीच तशी आहे.

म्हणून अनामिकेला ‘ताकद’ देऊन पूर्ण स्वतंत्र करण्याचा अट्टहास निष्फळ ठरतो. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. पियानोवादक होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या शूमान यांच्या उजव्या हाताची मध्यमा १८३० नंतरच्या काही वर्षांत निकामी झाली. या काळात ते बोटांसाठी एका यांत्रिक साधनाचा वापर करीत होते. त्या साधनामुळेच इजा झाली की मुळात चेतासंस्थेचा विकार होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र यांत्रिक मार्गाने बोटांवर मात करता आली नाही, एवढे निर्विवाद आहे.

याउलट जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे उदाहरण आहे. १९२८ मध्ये लागलेल्या आगीत त्यांचा डावा हात भाजला आणि अनामिका व करंगळी बव्हंशी निरुपयोगी झाल्या. त्यांनी तर्जनी आणि मध्यमा यांच्या आधारे एकल वादनाची स्वतंत्र शैली सिद्ध केली व उरलेल्या बोटांचा उपयोग केवळ काही कॉर्डांपुरता केला. बळाची उणीव हालचालींच्या काटेकोर नियोजनाने भरून काढता येते, हा बोध त्यातून मिळतो.

तार दाबण्याचे यांत्रिकी

तार फ्रेटला टेकेपर्यंत खाली नेणे एवढेच डाव्या हाताचे काम असते. ती टेकल्यानंतर दिलेले अतिरिक्त बळ ध्वनीत भर घालीत नाही. उलट तार अधिक ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. यासाठी किती बळ लागेल, हे पुढील घटकांवर अवलंबून असते.

१. तारेचा ताण : नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारवर सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलोग्रॅम भाराइतका असतो. पोलादी तारांच्या अकौस्टिक गिटारवर प्रचलित हलका संच लावला, तरी तो ७० किलोग्रॅमच्या पुढे जातो. स्वर व लांबी तीच ठेवून जाड तार घेतली की ताण वाढतो. सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरविल्यास ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो.

२. तारेची उंची : तार व फ्रेट यांमधील अंतरास वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी अभिजात गिटारवर ही उंची साधारणतः ३ ते ४ मिलिमीटर, पोलादी तारांच्या गिटारवर २ ते ३ मिलिमीटर असावी. स्वस्त वाद्यांवर ती बऱ्याचदा याहून अधिक आढळते. कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते. त्यामुळे वाद्याची वरची फळी उचलली जाऊन तारा आणखी वर येतात. जून महिन्यात ‘हात अशक्त झाला’ असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याने आधी वाद्य तपासून घ्यावे.

३. बोटाचे स्थान : बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीलगत, तिच्या किंचित मागे ठेवल्यास अल्प बळात स्वच्छ स्वर निघतो. दोन फ्रेटांच्या मध्यावर अथवा मागे ठेवल्यास अधिक दाब द्यावा लागतो.

४. वादनाची जागा : ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर, तर पाचव्याची सुमारे २९ मिलिमीटर असते. पहिल्या फ्रेटपाशी तार शिरोभागाकडील पट्टीच्या अगदी जवळ असल्याने ती दाबणेही कठीण जाते. बारे कॉर्डचा आरंभ पाचव्या फ्रेटपासून करून क्रमाने पहिल्याकडे येणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी यांचा अनुभव येथे बोलका आहे. १९६५ मध्ये बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्यांच्या उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका यांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी बोटांना टोपणे बसविली, बॅन्जोच्या तारांचा उपयोग करून गिटारच्या तारांचा संच हलका केला आणि पुढे तारांचा स्वरही उतरविला. हातावर अधिक भार लादण्याऐवजी भारच कमी करण्याचा हा मार्ग होता. इजा नसलेल्या नवशिक्यासही तो तितकाच उपयुक्त आहे.

मनगट, अंगठा आणि बाहू यांचे साहाय्य

स्नायूचे बळ त्याच्या लांबीवर अवलंबून असते. मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवून मूठ आवळल्यास पकड ढिली पडते, तर मनगट पाठीकडे किंचित झुकलेले असताना ती सर्वांत घट्ट होते. गिटार मांडीवर सपाट ठेवून बोटे दूरच्या तारेपर्यंत नेणारा विद्यार्थी मनगट नकळत तीव्र कोनात वाकवितो आणि आपलेच बळ घटवितो. मनगटातील अरुंद मार्गातून नऊ कंडरा व मध्यस्थ मज्जातंतू एकत्र जातात. मनगट फार वाकले की या मार्गातील दाब वाढतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. डाव्या पायाखाली पायपीठ ठेवून अथवा पट्ट्याच्या साहाय्याने वाद्याची मान वर उचलली, की मनगट बरेचसे सरळ राहते.

अंगठ्याविषयीही गैरसमज आहे. अंगठा व बोटे यांच्या चिमट्यात वाद्याची मान आवळणे अनावश्यक असते. उजव्या अग्रबाहूच्या वजनाने वाद्य छातीशी स्थिर राहिले, तर डाव्या बाहूचा स्वाभाविक भार मागे ओढला जाऊन दाबास हातभार लावतो. अंगठा क्षणभर उचलूनही साधा कॉर्ड वाजतो का, ही चाचणी या संदर्भात उद्बोधक आहे. उरुग्वेचे गिटारवादक व शिक्षक आबेल कार्लेव्हारो यांनी आपल्या अध्यापनात बोटांच्या लहान स्नायूंचे काम शक्य तेथे मनगट व बाहू यांच्या मोठ्या स्नायूंकडे सोपविण्यावर भर दिला, तो याच कारणास्तव. बारे कॉर्डमध्येही तर्जनी सपाट न ठेवता किंचित कडेवर वळविल्यास पेरांमधील खोलगट भाग तारेखाली येत नाही आणि लागणारे बळ कमी होते.

बलवाढीची प्रक्रिया

याचा अर्थ बलसंवर्धन निरुपयोगी आहे असा नाही. एखादा कॉर्ड धरण्यासाठी वादकाला त्याच्या कमाल बळाच्या निम्मे बळ लागत असेल, तर स्नायू लवकर थकतो. आकुंचन पावलेल्या स्नायूतील रक्तप्रवाह अडत असल्याने ती अवस्था फार काळ टिकत नाही. कमाल बळ वाढले की तेच काम त्याच्या लहानशा हिश्शात होते आणि थकवा लांबतो. या ‘राखीव बळा’पुरते बलसंवर्धनाचे महत्त्व मान्य करावयास हवे.

मात्र बळ कसे वाढते हेही पाहिले पाहिजे. मोरितानी व द व्हरीज यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांतील बलवाढ प्रामुख्याने चेतासंस्थेच्या जुळवणीतून होते आणि स्नायूंच्या आकारातील वाढीचा वाटा त्यानंतर वाढत जातो. म्हणजे आरंभी स्नायू मोठा होत नाही. मेंदू त्याचा अधिक चांगला उपयोग करावयास शिकतो. हे शिक्षण ज्या हालचालीचा सराव केला, तिच्यापुरतेच मुख्यत्वे मर्यादित राहते. मूठ आवळण्याच्या साधनाने चारही बोटे एकदम, पूर्ण जोराने मिटण्याचा सराव होतो. गिटारवर मात्र एक बोट दाबले असता इतर बोटे सैल ठेवावी लागतात. या दोन हालचाली परस्परविरुद्ध आहेत. शिवाय अशा साधनाने आकुंचक स्नायूंनाच अधिक व्यायाम घडतो आणि आधीच दुर्लक्षित असलेले प्रसारक मागे पडतात.

आणखी एक महत्त्वाची बाब अशी की, कंडरांमध्ये रक्तपुरवठा कमी असल्याने त्या स्नायूंपेक्षा संथ गतीने बळकट होतात. स्नायू तयार झाल्याची भावना आली, तरी कंडरा मागे राहिलेली असते. परीक्षा वा स्नेहसंमेलन जवळ आले की सरावाचे तास एकदम दुप्पट करणारे विद्यार्थी याच टप्प्यावर दुखावतात.

व्यायामाची मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे व्यायामांचे दोन विभाग करता येतात. वाद्याविना करावयाचे व्यायाम एकाआड एक दिवस, आठवड्यातून तीनदा पुरेसे आहेत. प्रत्येक प्रकाराच्या १० ते १२ आवर्तनांचे दोन संच करावेत. अखेरच्या दोन आवर्तनांत सौम्य थकवा जाणवावा, वेदना जाणवू नये. हे व्यायाम वादनानंतर वा स्वतंत्र वेळी करावेत, वादनापूर्वी करू नयेत. त्याने बोटांची सूक्ष्म हालचाल मंदावते.

अ) वाद्याविना व्यायाम

१. रबरी वलयाचा व्यायाम : पाचही बोटांच्या टोकांभोवती सैल रबरी वलय अडकवून बोटे सावकाश फाकवावीत आणि तितक्याच सावकाश मिटावीत. यात बोटांचे प्रसारक व आंतरास्थी स्नायू कामास लागतात.

२. मनगटाचा उलटा व्यायाम : अग्रबाहू मेजावर टेकवून पंजा कडेबाहेर, तळवा जमिनीकडे ठेवावा. हातात अर्धा ते एक किलोग्रॅम वजन धरून मनगट वर उचलावे व तीन ते चार सेकंदांत खाली आणावे. पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली यासाठी पुरते. सावकाश खाली आणण्याची क्रिया विशेष महत्त्वाची आहे. तळवा छताकडे करून हाच व्यायाम आकुंचकांसाठी करता येतो.

३. अग्रबाहू फिरविणे : हातोडी दांड्याच्या टोकाऐवजी मध्याजवळ धरून तळवा आळीपाळीने वर व खाली वळवावा. डावा तळवा गिटारच्या मानेकडे वळविलेला ठेवणे हे दीर्घ वादनातील सततचे काम असते. त्यासाठी लागणारे स्नायू यामुळे तयार होतात.

४. मेजासारखा हात : बोटांचे दोन्ही पुढचे सांधे सरळ ठेवून केवळ तळहाताजवळच्या सांध्यातून बोटे काटकोनात वाकवावीत व पुन्हा सरळ करावीत. वजन न घेता होणारा हा व्यायाम तळहातातील लहान स्नायूंसाठी आहे.

५. मऊ स्पंज दाबणे : पकडीचा व्यायाम करावयाचाच असेल, तर कठीण स्प्रिंगऐवजी मऊ स्पंज घ्यावा आणि अंगठ्याशी एका वेळी एकेक बोट जुळवीत तो दाबावा.

खांदे व पाठ यांच्या स्नायूंचा सर्वसाधारण व्यायामही उपेक्षू नये. खांदा उचललेला राहिला की त्याचा ताण बोटांपर्यंत उतरतो.

आ) वाद्यावरील व्यायाम

१. न्यूनतम दाबाचा शोध : बोट तारेवर केवळ टेकवून तार छेडावी. स्वर दबका येईल. दाब हळूहळू वाढवीत नेल्यास आधी खरखर व मग स्वच्छ स्वर ऐकू येतो. त्या क्षणी थांबावे. लागणारे बळ एवढेच आहे. प्रत्येक बोटाने व प्रत्येक तारेवर हा प्रयोग रोज दोन-तीन मिनिटे केल्यास बळाची उधळपट्टी थांबते. सर्व व्यायामांत याचे स्थान पहिले मानावे.

२. क्रमिक चार बोटे : पाचव्या फ्रेटपासून पुढे तर्जनी, मध्यमा, अनामिका व करंगळी अनुक्रमे ठेवत जावे. न वाजणारी बोटे तारेपासून फार दूर उडू देऊ नयेत. लय अतिशय संथ असावी आणि स्वच्छता व सैलपणा साधल्यावरच ती वाढवावी.

३. आघात व ओढ : उजव्या हाताने तार न छेडता डाव्या बोटाच्या आघाताने वरचा स्वर काढणे आणि बोट किंचित ओढून सोडल्याने खालचा स्वर काढणे. दोन बोटांच्या जोड्या पाडून प्रत्येकी २० ते ३० सेकंद सराव करावा व तितकाच वेळ हात सैल सोडावा. अनामिका-करंगळी ही जोडी शेवटी घ्यावी.

४. आवळ-सोड : बारे कॉर्ड सतत धरून ठेवण्याऐवजी एक मात्रा दाबून पुढील तीन मात्रा बोटे तारांवरच ठेवून सैल करावीत. सैल करणे हेदेखील शिकावे लागणारे कौशल्य आहे.

५. उजवा हात : इटालियन वादक माउरो ज्युलियानी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रचलेले उजव्या हाताचे १२० अभ्यास आजही शिकविले जातात. त्यांत डाव्या हाताकडे केवळ दोन सोपे कॉर्ड असल्याने सर्व लक्ष छेडण्याच्या बोटांकडे देता येते. प्रत्येक आघातानंतर बोट आपोआप मूळ जागी सैल परतले पाहिजे.

अमेरिकी वादक स्कॉट टेनंट यांनी १९९५ मध्ये ‘पंपिंग नायलॉन’ हे तंत्रविषयक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव वजने उचलण्याच्या व्यायामाशी केलेली शाब्दिक कोटी आहे. आतील अभ्यास मात्र वजनांचे नसून वाद्यावरील तंत्राचे आहेत. गिटारचा खरा आखाडा गिटारच होय, हेच यातून दिसते.

सरावाचा आरंभ पाच मिनिटे सावकाश स्वर वाजवून करावा. हात गार असतील तर कोमट पाण्यात धरावेत. दर २५ मिनिटांनंतर किमान पाच मिनिटे वाद्य खाली ठेवावे. एका दिवशी सलग तीन तास वाजविण्यापेक्षा तीच वेळ दिवसभरात विभागणे हितावह असते. कार्यक्रमापूर्वीच्या दोन दिवसांत बलसंवर्धनाचे व्यायाम थांबवावेत.

धोक्याची लक्षणे

वादकांचे शारीरिक विकार हा विषय वैद्यकशास्त्राने गेल्या शतकाच्या अखेरीस गांभीर्याने हाताळला. अमेरिकेतील सिम्फनी वाद्यवृंदांच्या संघटनेने केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,२१२ वादकांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ७६ टक्के वादकांनी वादनावर परिणाम करणारी किमान एक वैद्यकीय तक्रार नोंदविली. ही पाहणी गिटारवादकांची नव्हती. तथापि, व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेले वादकही या प्रश्नातून सुटत नाहीत, हे तिने स्पष्ट केले.

पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष होता कामा नये. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत मुंग्या येणे, विशेषतः रात्री येणे, हे मनगटातील मध्यस्थ मज्जातंतूवरील दाबाचे चिन्ह असू शकते. करंगळी व अनामिकेचा तिच्याकडील भाग बधिर होत असल्यास कोपराशी मज्जातंतू दबला जात असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात कळ येणे, बोट वाकवून सरळ करताना अडकणे, कोपराच्या बाहेरील बाजूस वस्तू उचलताना दुखणे ही कंडरांच्या दाहाची वा अतिश्रमाची लक्षणे असू शकतात.

याहून वेगळा व अधिक फसवा विकार म्हणजे फोकल डिस्टोनिया. यात वेदना बहुधा नसते. वाजवू लागताच एखादे बोट आपोआप मुडपते किंवा ताठ होते आणि इतर कामांत मात्र हात ठीक चालतो. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे १ टक्का वादकांना तो होतो, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० नंतरच्या दशकात यामुळेच निकामी झाला आणि दोन्ही हातांनी वादनाकडे परतण्यास त्यांना सुमारे तीन दशके लागली. गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यांचीही कारकीर्द याच विकारामुळे अनेक वर्षे खंडित झाली होती. या विकाराचे मूळ स्नायूंच्या दुर्बलतेत नसून मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणात आहे. बोट ऐकत नाही म्हणून ‘आणखी ताकद, आणखी सराव’ हा उपाय योजल्यास स्थिती बिघडते. बळाच्या कल्पनेची मर्यादा येथे सर्वाधिक तीव्रतेने जाणवते.

शिक्षकाच्या दृष्टीने एक साधा भेद उपयोगी पडतो. बोटांच्या टोकांच्या त्वचेची हुळहुळ आणि थोड्या विश्रांतीने जाणारा थकवा स्वाभाविक आहे. खोलवर, टोचणारी, दुसऱ्या दिवशीही राहणारी वेदना, बधिरपणा अथवा अनियंत्रित हालचाल स्वाभाविक नाही. अशा वेळी सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ, चेतासंस्थेचे तज्ज्ञ वा भौतिकोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याने दुखणे सांगितल्यास त्यास आळस समजू नये. लहान पंजा किंवा अतिलवचीक सांधे असलेल्या विद्यार्थ्यास कमी तारलांबीचे वाद्य, हलक्या तारा किंवा पहिल्या फ्रेटवर कॅपो लावण्याची मुभा द्यावी. यात वादनाचा दर्जा खालावत नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. बोटांच्या हालचालीचे मुख्य इंजिन अग्रबाहूत आहे. म्हणून बलसंवर्धनाचा विचार केवळ बोटांपुरता न करता कोपर, मनगट, खांदा व बैठक यांसह करावा लागतो.

२. अनामिका व करंगळी यांचे परावलंबित्व बऱ्याच अंशी रचनात्मक आहे. ते बळाने मोडता येत नाही, संथ व नेमक्या सरावाने सांभाळून घेता येते.

३. बळ वाढविण्यापूर्वी बळाची गरज कमी करावी. वाद्याची मांडणी, तारांची निवड, बोटाचे स्थान व मनगटाचा कोन सुधारल्यास ‘दुर्बलते’चा मोठा भाग नाहीसा होतो.

४. वाद्याविना केलेले सौम्य व्यायाम राखीव बळ देतात. त्यांत प्रसारक स्नायूंना आकुंचकांइतकेच स्थान असावे.

५. वेदना हे प्रगतीचे प्रमाण नव्हे.

भारतीय संगीतपरंपरेत रियाजाला तपश्चर्येचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तपश्चर्या म्हणजे देहाचा छळ नव्हे. विद्यार्थी जेव्हा ‘माझ्या बोटांत जोर नाही’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा शिक्षकाने त्याच्या हाती स्प्रिंग देण्याऐवजी त्याचे वाद्य, त्याची बैठक आणि त्याचा अंगठा पाहावा. बहुतेक वेळा जोर पुरेसा असतो. तो अनावश्यक जागी खर्च होत असतो.